घरच्या दुरुस्तीनंतर गाडी सुरू होईना? आधी शेवटचे काम तपासा

रविवारची सकाळ, सोसायटीचे आवार आणि उघडे बॉनेट हे दृश्य पुण्या-मुंबईला नवे नाही. नवी बॅटरी बसवणे, जुने स्पार्क प्लग बदलणे, एअर फिल्टर झटकणे अशी किरकोळ कामे अनेक मोटारमालक स्वतःच करतात. त्यात पैसे वाचतात आणि आपल्या वाहनाची ओळखही होते. पण कधी कधी तासाभराचे काम आटोपून, हात पुसून किल्ली फिरवावी, तर सकाळपर्यंत ठणठणीत असलेली गाडी सुरूच होत नाही. मग पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली जाते. शेजारी सल्ले देऊ लागतात. कोणी बॅटरी गेली म्हणतो, कोणी पेट्रोल पंपाला दोष देतो आणि अर्ध्या तासात बॅटरी खरोखरच उतरते. मूळ दोषाच्या जोडीला आता दुसरा दोष आलेला असतो.

अशा वेळी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. दुरुस्तीपूर्वी चालणारी गाडी दुरुस्तीनंतर बंद पडली असेल, तर दोष बहुधा तिथेच असतो, जिथे शेवटचा हात लागला. नेमक्या त्याच दिवशी दुसरा एखादा भाग निकामी होण्याची शक्यता नसते असे नाही. पण ती फार थोडी. तरीही बहुतेक जण आपण केलेले काम बिनचूक मानून इतरत्र शोधत राहतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार होतो. या वळशात चांगले भाग विनाकारण बदलले जातात, सुस्थितीतील जोड उघडले जातात आणि काही वेळा इंजिनाचे कायमचे नुकसान होते.

आधी किल्ली काढावी

गाडी सुरू न झाल्यास सर्वप्रथम किल्ली काढून घ्यावी. स्टार्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘सेल्फ’, सलग दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा ते एक मिनिट जाऊ द्यावे. याची कारणे तीन आहेत. सेल्फ मोठा विद्युतप्रवाह ओढतो आणि लवकर तापतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये साचून प्लग ओले होतात. आणि तेच पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचले, तर इंजिन सुरू झाल्यावर तिथे जळून तो महागडा भाग खराब करू शकते.

यानंतर कागद घेऊन सकाळपासून केलेल्या कामांची क्रमवार यादी करावी. कोणता नट सैल केला, कोणती नळी काढली, कोणता सॉकेट बाजूला केला, हे सारे लिहावे. प्रत्यक्ष कामाइतकेच कामाच्या वाटेत आलेल्या गोष्टींनाही महत्त्व आहे. एअर फिल्टर बदलताना त्याच्या नळीवरील सेन्सरचा सॉकेट निघतो, बॅटरी उचलताना शेजारची वायर ताणली जाते. मुख्य काम व्यवस्थित झालेले असते आणि हा लहानसा सॉकेट लोंबकळत राहतो. यादी झाली की ती उलट्या क्रमाने तपासावी, म्हणजे सर्वांत शेवटचे काम सर्वांत आधी.

गाडीचे लक्षण ओळखावे

इंजिन सुरू होण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवले पाहिजे. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन योग्य प्रमाणात गेले पाहिजे, ते मिश्रण दाबले गेले पाहिजे आणि पेट्रोल गाडीत योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे. यांपैकी काय चुकते आहे, हे गाडीच सांगते. त्यासाठी तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्यात : सेल्फ फिरतच नाही, सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही, किंवा इंजिन चालू होऊन लगेच बंद पडते. या तिन्हींची कारणे निराळी असल्याने सरसकट एकच उपाय करून भागत नाही.

बॅटरी बदलल्यानंतर

किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट’ असा एक आवाज किंवा ‘कट-कट-कट’ अशी माळ ऐकू आली, तर बॅटरीच्या टर्मिनलकडे पाहावे. ‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा समज फसवा आहे. हेडलाइटच्या एका साध्या बल्बला जेमतेम पाच अँपिअर प्रवाह लागतो, तर छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फलाही शंभर अँपिअरहून अधिक लागतो. सैल किंवा पांढरी बुरशी चढलेल्या टर्मिनलमधून दिव्यापुरता प्रवाह जातो, सेल्फपुरता जात नाही. हाताने पिळून टर्मिनल हलत असेल, तर ते सैल आहे असे समजावे. ते काढून आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि पान्याने घट्ट बसवावी.

हेडलाइट लावून किल्ली फिरवल्यास आणखी उलगडा होतो. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर सेल्फपर्यंत आज्ञाच पोहोचत नाही. मग फ्यूज, रिले किंवा क्लचखालील स्विचकडे वळावे. अनेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ फिरत नाही आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर असावा लागतो. नवे पायपुसणे क्लचच्या पेडलखाली अडकल्यानेही गाडी सुरू होत नाही.

घरात मल्टिमीटर असल्यास काम सोपे होते. काही तास स्वस्थ राहिलेल्या पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली. सेल्फ फिरत असताना हा आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. दाब चांगला असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ फिरवावा. तेव्हा अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची वायर सैल आहे किंवा गंजली आहे. गिअरबॉक्सजवळ काम केल्यावर ही वायर पुन्हा बसवायची हमखास राहून जाते.

बॅटरी विकत घेताना टर्मिनलची डावी-उजवी रचना पाहून घ्यावी लागते. चुकीच्या रचनेची बॅटरी आणली की वायरी पुरत नाहीत आणि घाईत त्या उलट जोडल्या जाण्याचा धोका असतो. पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा किंचित जाड ठेवलेला असतो, तो हीच चूक टाळण्यासाठी. म्हणूनच टर्मिनल बसत नाही म्हणून ठोकून बसवू नये. उलट जोडणीने मुख्य फ्यूज उडतो आणि अल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात. असे घडले असल्यास फ्यूज बदलून पुढे प्रयोग करण्यापेक्षा वाहन जाणकाराकडे सोपवावे.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना शेवटी निगेटिव्ह, हा क्रम कधीही मोडू नये. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरील पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो, हेही विसरू नये.

प्लग आणि वायरी बदलल्यानंतर

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन चालू होत नाही, उलट खोकल्यासारखे आवाज काढते किंवा सायलेन्सरमधून फटाका फुटतो, तेव्हा प्लगच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत ही चूक नित्याची. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. कार्बोरेटरच्या तीन सिलिंडरी मारुती ८००मध्ये तो १-३-२ होता. तिथे दोन वायरी परस्परांच्या जागी गेल्या, की एका सिलिंडरला ठिणगी वेळेवर आणि उरलेल्या दोघांना अवेळी मिळते. इंजिन चालू होण्याचा आव आणते. पण चालत नाही. वायरी एका वेळी एकच काढून तिच्या जागी नवी लावली, तर हा घोळ होतच नाही.

नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिथे सॉकेट ‘टक्’ असा आवाज करून बसला आहे ना, हे पाहावे. नव्या प्लगची फटही तपासावी. ती वाहनानुसार साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते आणि नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्लग हातातून पडल्यास फट मिटते आणि ठिणगी पडत नाही. प्लग नेहमी बोटांनी फिरवत बसवावा. वॉशरचा नवा प्लग पूर्ण टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. सुरुवातीलाच पान्याचा जोर लावल्यास सिलिंडर हेडमधील ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या अनेक पटींनी वाढतो.

प्लग ओला होऊन बाहेर आला, तर पेट्रोल पोहोचते आहे. पण पेटत नाही. तो पुसून, वाळवून पुन्हा बसवावा. इंधन इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ फिरवल्यास इंधन तात्पुरते थांबते आणि साचलेले पेट्रोल बाहेर पडते. प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर शोध इंधनाच्या दिशेने न्यावा.

येथे एका जुन्या सवयीविषयी सांगणे आवश्यक आहे. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरायची आणि ठिणगी पाहायची, ही रीत प्रीमियर पद्मिनीच्या काळात प्रत्येक मेकॅनिककडे होती. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची गेली. ही रीत मात्र काही हातांत शिल्लक आहे. आजच्या कॉइलमधून २० हजार व्होल्टहून अधिक दाब निघतो. त्याचा झटका घातक ठरू शकतो आणि गाडीचा संगणकही त्याने बिघडू शकतो. ठिणगी पाहायचीच असेल, तर त्यासाठी मिळणारा टेस्टर वापरावा.

फिल्टर आणि इंधनाची कामे

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या आसनाखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो टाकीतील पंपाचा. आवाज येत नसल्यास पंपाचा फ्यूज, रिले आणि सॉकेट तपासावा. कामापूर्वी इंधनाचा दाब उतरवण्यासाठी हा फ्यूज मुद्दाम काढतात आणि परत लावायला विसरतात, असेही घडते. इंधन फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरलेली असते. अशा वेळी सेल्फ न मारता किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करावी, म्हणजे पंप नळी भरून घेतो. फिल्टरवरील बाणाची दिशा इंजिनाकडे आहे ना, तेही पाहावे. या कामानंतर पेट्रोलचा वास येत असेल, तर किल्लीला हातही लावू नये. आधी गळती शोधावी.

डिझेल गाडीत फिल्टर बदलल्यावर इंजिन सुरू न होण्याचे पहिले कारण म्हणजे हवा. फिल्टरजवळ हातपंप असल्यास तो कडक लागेपर्यंत दाबावा आणि मगच सेल्फ फिरवावा. हवा काढण्यासाठी जुन्या डिझेल इंजिनात इंजेक्टरचे नट सैल करत. आजच्या कॉमन रेल इंजिनात तसे कदापि करू नये. त्या नळ्यांतील दाब एक हजार बारहून अधिक असू शकतो आणि सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते.

एअर फिल्टर किंवा थ्रॉटलची सफाई केल्यावर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर हवेच्या मार्गातील सेन्सरचा सॉकेट, सैल क्लिप आणि निसटलेली रबरी नळी पाहावी. पुसण्याचे फडके आत राहिल्याचे प्रकारही होतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर काही गाड्यांच्या संगणकाला आयडलिंगचा वेग नव्याने शिकावा लागतो. त्याची पद्धत वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणेच करावी.

किल्ली, अलार्म आणि म्युझिक सिस्टीम

किल्लीचे झिजलेले आवरण बदलणे हे दहा मिनिटांचे काम. मात्र अनेक किल्ल्यांच्या आवरणात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी स्वतंत्र चिप बसवलेली असते. ती जुन्या आवरणासोबत कचऱ्यात गेली, तर दार उघडते, सेल्फही कदाचित फिरतो. पण इंजिन सुरू होत नाही किंवा क्षणभरात बंद पडते. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरला किल्ली ओळखता आलेली नाही. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहावी. जुने आवरण फेकण्याआधी ते पूर्ण रिकामे असल्याची खात्री करावी. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीचा सेल संपला असेल, तर ती किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबल्यास बहुतेक गाड्या सुरू होतात.

बाहेरून बसवलेला अलार्म बॅटरी जोडताच पहारा सुरू करतो आणि इग्निशन तोडतो. रिमोटने तो आधी बंद करावा. म्युझिक सिस्टीम किंवा फॉग लॅम्प बसवल्यानंतर गाडी त्याच दिवशी चालते आणि दोन-तीन दिवसांनी सुरू होत नाही, तेव्हा ती उपकरणे किल्ली काढल्यावरही वीज खात असतात. हिशेब सोपा आहे : ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या अँपिअरच्या गळतीने ७० तासांत पूर्ण रिकामी होते आणि गाडी सुरू करण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. बंद करून शांत झालेल्या गाडीचा प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा.

इंजिन धुतल्यानंतर

पावसाळा संपला की बॉनेट उघडून पाइपने इंजिन धुण्याची हौस अनेकांना असते. प्लगच्या खोलगट जागेत पाणी साचले की ठिणगी बाजूलाच उतरते. कॉइल किंवा वायरी काढून ती जागा कोरडी करावी, सॉकेट वाळवावेत आणि काही तास बॉनेट उघडे ठेवावे. हवेच्या मार्गात पाणी गेल्याची शंका असल्यास मात्र सेल्फ मुळीच फिरवू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमधील पाण्यावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

येथे थांबलेले बरे

टायमिंग बेल्ट किंवा साखळीचे काम केल्यानंतर गाडी सुरू होत नसेल, तर एकदाही अधिक प्रयत्न करू नये. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. हे गणित काही दात्यांनी चुकले, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट बसवल्यावर प्लग काढून इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का, ते पाहावे. मध्येच अडले, तर जोर लावू नये. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भराभर फिरत असल्यास दाब नाहीसा झाल्याची शक्यता असते आणि ती गॅरेजमध्येच तपासून घ्यावी.

पेट्रोलची गळती, वायर जळल्याचा वास, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज आणि एअरबॅगच्या पिवळ्या सॉकेटशी आलेला संबंध, या चार प्रसंगीही काम थांबवावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. धक्का मारून गाडी सुरू करणेही शक्यतो टाळावे. ऑटोमॅटिक गाडी तशी सुरू होत नाही आणि कन्व्हर्टर असलेल्या गाडीत पेट्रोल पुढे ढकलले जाते.

दुसऱ्या गाडीवरून बॅटरीला आधार द्यायचा असल्यास लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे.

मेकॅनिकला बोलावल्यावर ‘गाडी आपोआप बंद पडली’ असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्या हातून चूक झाली हे कबूल करणे जड जाते. पण त्या संकोचापायी मेकॅनिक सुरुवातीपासून शोध घेतो आणि त्या वेळेचे पैसे मालकच मोजतो. केलेल्या कामांची यादी त्याच्या हाती ठेवली, तर बऱ्याचदा पाच मिनिटांत निकाल लागतो.

पुढील खेपेसाठी काही पथ्ये सांगता येतील. काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलने जागेचे छायाचित्र घ्यावे. काढलेल्या वायरींवर चिकटपट्टी लावून आकडे लिहावेत. नट-बोल्ट काढलेल्या क्रमाने वाटीत ठेवावेत आणि शेवटी वाटी रिकामी झाली का, ते पाहावे. एका दिवशी एकच काम करावे, ते झाले की गाडी सुरू करून पाहावी आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला वीट किंवा लाकडी ठोकळा लावलेला असावा. बॅटरी काढताना किल्ली खिशात असावी, गाडीत नसावी.

थोडक्यात महत्त्वाचे

सेल्फ फिरत नाही, ‘कट-कट’ आवाज : टर्मिनल, बॅटरीचा दाब, अर्थिंग.

सेल्फ फिरत नाही, दिवे प्रखर : क्लच स्विच, गिअरची स्थिती, फ्यूज, रिले.

सेल्फ फिरतो, फटाके फुटतात : प्लगच्या वायरींचा क्रम.

सेल्फ फिरतो, प्लग ओला : ठिणगी, प्लगची फट, कॉइलचा सॉकेट.

सेल्फ फिरतो, प्लग कोरडा : पंपाचा फ्यूज, नळीतील हवा, फिल्टरची दिशा.

सुरू होऊन लगेच बंद : किल्लीची चिप, हवेच्या मार्गातील सेन्सर, निसटलेली नळी.

सेल्फ फारच हलका फिरतो : प्रयत्न थांबवून टायमिंग तपासून घ्यावे.